खाऱ्या वाळूतलं किट: किनारी उत्खननाला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हत्यारांचा आढावा

प्रशिक्षण-उत्खननाला निघालेल्या विद्यार्थ्याच्या हातात एक यादी पडते: ट्रॉवेल (माती तासायची छोटी थापी), ब्रश, टेप, ओळंबा, सुतळी, लेबलं, पेन्सिली. ही यादी बहुधा आतल्या भागातल्या कोरड्या, घट्ट मातीच्या टेकाडासाठी कधीतरी केलेली असते आणि वर्षानुवर्षं तशीच पुढे सरकते. प्राचीन बंदराच्या किंवा मच्छीमार वसाहतीच्या जागी ती पहिल्या आठवड्यातच उघडी पडते. वाळू उभी राहत नाही, मीठ सगळीकडे शिरतं आणि भूजल भरतीबरोबर वर येतं. हा आढावा याच तीन कसोट्यांवर केला आहे. घट्ट मातीत जे हत्यार उत्तम, ते इथे निकामी ठरू शकतं.

ट्रॉवेल

दोन कंपन्यांची नावं सतत कानावर येतात. ब्रिटिश वळणाचे लोक डब्ल्यूएचएसची ४ इंची पॉइंटिंग ट्रॉवेल घेतात, अमेरिकन वळणाचे मार्शलटाउनची ५ इंची. दोन्हींत पातं आणि मुठीत जाणारी दांडी एकाच पोलादातून घडवलेली असते, आणि खरा फरक पडतो तो इथेच. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या थापीत पातं दांडीला वेल्डिंगने किंवा रिव्हेटने जोडलेलं असतं. घट्ट बसलेला दगड उचकटताना ती नेमकी त्या सांध्यावर मोडते. घेताना टोक लाकडावर टेकवून मुठीवर जोर द्यावा. सांध्यात जराशी जरी हालचाल दिसली तरी ती परत ठेवावी.

डब्ल्यूएचएसचं पातं आखूड, जाड आणि ताठ. खाजणातल्या चिकट गाळात, शिंपल्यांच्या दाबून बसलेल्या थरात, चुन्याच्या जमिनीवर ती हुकमी चालते. मार्शलटाउनची धार लांब आणि पातं किंचित लवचिक, त्यामुळे वाळूचा थर एका ओढीत सपाट निघतो आणि पृष्ठभागावर कमी ओरखडे राहतात. दोन्ही घेणं शक्य नसेल तर ४ इंची घ्यावी. आखूड पात्याने वाळू काढायला वेळ जास्त लागतो, एवढंच. लवचिक पातं शिंपल्यांच्या थरात घातलं तर ते वाकतं आणि थराच्या कडा तोडतं. ६-७ इंची थापी नकोच. तिने मनगट दुखतं आणि खड्ड्यांच्या कडा खाल्ल्या जातात.

धारेबद्दल यादीत काहीच लिहिलेलं नसतं. वाळूतला क्वार्ट्झ साध्या पोलादापेक्षा कठीण असतो, त्यामुळे घट्ट मातीत आठवडाभर टिकणारी धार इथे दोन दिवसांत गोल होते. बोथट पातं वाळू कापत नाही, नुसती पसरवतं, आणि दोन थरांमधली रेघ पुसली जाते. म्हणून बारीक दातांची चपटी कानस किटमध्ये हवीच. दोन्ही लांब कडांवर एकाच बाजूने, एकाच कोनात, दर दोन दिवसांनी आठ-दहा हात मारले की पुरे. टोक मात्र सुईसारखं करू नये, त्याने खापरांवर ओरखडे पडतात आणि पुढे कुणीतरी ते नक्षीकाम समजून बसतो.

कार्बन पोलाद खाऱ्या हवेत एका रात्रीत गंजतं. रोज काम संपलं की गोड्या पाण्याने धुवावं, कोरडं पुसावं, गंजाची झाक आली असेल तर पॉलिश पेपर फिरवावा. तेल लावायचा मोह होतो. पण भांड्यातल्या अन्नाच्या अवशेषांची चाचणी होणार असेल किंवा रेडिओकार्बनचा (अवशेषाचं वय काढायचा) नमुना घ्यायचा असेल, तर तेलकट पातं म्हणजे थेट प्रदूषण. स्टेनलेस पात्याला गंजाची भीती कमी, पण धार लवकर जाते. बारीक कामाच्या पानाच्या आकाराच्या हत्यारांसाठी स्टेनलेस उत्तम, मुख्य ट्रॉवेलसाठी नाही.

आणि वापर: टोकाने टोचायचं नाही. पातं जमिनीशी लहान कोनात ठेवून लांब कडेने स्वतःकडे ओढायचं, मागे मागे सरकायचं, तासलेल्या जागेवर गुडघा टेकायचा नाही. चिकण मातीत खड्ड्याचा भराव आणि बाजूची माती यांतला फरक हाताला कळतो, ट्रॉवेलला वेगळी लागते. वाळूत दोन्ही सारखीच मऊ. तिथे फरक फक्त डोळ्याला दिसतो, तोही ओलावा असेपर्यंत. खांबाच्या खळग्यांचा आकार किनारी साइटवर वाजवीपेक्षा मोठा नोंदला जातो त्याचं मोठं कारण हेच: भराव संपला तरी हात थांबत नाही.

फवारणी पंप: या किटमधली सर्वांत कामाची वस्तू

बागेत वापरतात तो ५ ते ८ लिटरचा हवा भरायचा पंप. विद्यार्थ्यांच्या याद्यांत तो सापडत नाही आणि किनाऱ्यावर त्याच्यावाचून पान हलत नाही. कोरडी वाळू सगळी एकाच फिकट रंगाची दिसते. तासून झालं की नोझल बारीक धुक्यावर ठेवायचं, गुडघ्याच्या उंचीवरून दोन हलके हात फिरवायचे आणि पाण्याची चमक जाईपर्यंत थांबायचं. मग कडा दिसतात: राखेचा खड्डा, खांबाचा खळगा, उंदराचं बीळ. लगेच ट्रॉवेलच्या टोकाने हलकी रेघ ओढायची, फोटो घ्यायचा आणि मगच खणायचं. उन्हात दहा-पंधरा मिनिटांत हे चित्र परत पुसलं जातं.

चुका दोनच, पण सगळे करतात. धार सोडली की वाळूत खळगे पडतात. आणि जवळ आहे म्हणून समुद्राचं पाणी भरलं की ते वाळल्यावर पांढरा थर उरतो. मग तो चुना, राख की मीठ यावर दुपार जाते. पाणी गोडंच हवं. शिबिरात फवाऱ्यासाठी पिण्यायोग्य पाणी मिळत नसेल तर ती शिबिराची उणीव समजावी.

ब्रशबद्दल थोडक्यात. कोरड्या विटा, दगड आणि सांगाड्याची हाडं यांसाठी एक २ इंची आणि एक अर्ध्या इंची पुरेसा. ओलसर गाळावर ब्रश फिरवला की सगळं एकसारखं माखतं, थरांची सीमा गायब होते. नवशिका विद्यार्थी ब्रश सोडत नाही कारण फोटोंत पुरातत्त्वज्ञ तसेच दिसतात.

मोजमापाची हत्यारं

पोलादी टेप खाऱ्या हवेत दोन आठवड्यांत कुरकुरू लागते, फायबरग्लासची ताणली की वाढते. रोजच्या कामाला फायबरग्लास घ्यावी आणि आठवड्यातून एकदा पोलादी टेपशी ताडून पाहावी. ५ × ५ मीटरचा चौकोन आखल्यावर कर्ण ७.०७ मीटर यायलाच हवा. २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर खुंट्या हलवायच्या, वहीतला आकडा हलवायचा नाही. वाळूत ६ इंची खिळे धरत नाहीत. सुतळी ताणली की तिरके होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. निदान दोन फुटांच्या लाकडी खुंट्या किंवा सळईचे तुकडे लागतात.

ओळंबा सगळ्यांच्या किटमध्ये असतो आणि समुद्रवाऱ्यात सगळ्यांचाच झुलतो. त्यावर स्वस्त उपाय आहे: ओळंब्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडतं ठेवायचं, झोका काही सेकंदांत मरतो. बिंदू जमिनीवर उतरवायचा असेल तर हा उपाय चालत नाही, तिथे वाऱ्याच्या बाजूला घमेलं उभं धरायला एक माणूस लागतो. उभ्या सेक्शनचं, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या कापाचं, चित्र काढताना मात्र बादली पुरते.

उंचीची नोंद हा किनारी साइटचा कणाच. घराची जमीन, धक्क्याचा दगड, विहिरीचा तळ त्या काळच्या समुद्रपातळीच्या किती वर होता, हा प्रश्न दहा सेंटिमीटरनेही बदलतो. त्यामुळे दोरीवर अडकवायची लाइन लेव्हल फक्त जवळच्या कामाला वापरावी. ती सुतळीच्या बरोबर मध्यावर टांगली नाही तर दोरीच्या झोळाने चुकीचं दाखवते, आणि तीन मीटरवर एखादा सेंटिमीटर सहज जातो. मुख्य नोंद ऑटो लेव्हलने (तिपाईवरच्या सपाट पातळीच्या दुर्बिणीने) करावी. बेंचमार्क, म्हणजे उंची आधीच माहीत असलेला बिंदू, ४.२१० मीटर, त्यावर ठेवलेल्या पट्टीचं मागचं वाचन १.३६५, म्हणजे दुर्बिणीची उंची ५.५७५. जमिनीवर वाचन २.८४० आलं तर जमीन २.७३५ मीटरवर. ही वजाबाकी प्रत्येक विद्यार्थ्याने ट्रेंचजवळ (उत्खननाच्या खड्ड्याजवळ) उभं राहून, हाताने करावी. यंत्राचे पाय वाळूत रुततात, म्हणून प्रत्येक फेरीच्या शेवटी परत बेंचमार्कवर वाचन घ्यायचं. ५ मिलिमीटरहून जास्त फरक आला तर पूर्ण फेरी रद्द.

फोनमधल्या जीपीएसची उंची वापरण्याचा उत्साह दिसतो. तो मोडून काढावा. उपग्रह देतात ती उंची मुळात एका गणिती लंबगोलापासूनची असते, सरासरी समुद्रपातळीपासूनची नाही. दक्षिण भारताच्या किनाऱ्यावर या दोन पातळ्यांत ८० मीटरहून जास्त अंतर आहे. काही उपकरणं दुरुस्ती करून आकडा दाखवतात, काही तसाच दाखवतात, आणि एकाच तुकडीत दोन्ही प्रकारचे फोन असतात. शिवाय फोनची स्वतःची उभी चूक काही मीटरची, ती वेगळीच. ‘पाण्याच्या रेषेपासून मोजू’ हा दुसरा शॉर्टकट त्याहून वाईट, कारण ती रेषा दर तासाला दुसरीकडे असते.

चित्रासाठी ग्राफ पेपर दमट हवेत फुगतो. पर्माट्रेससारखी ड्रॉइंग फिल्म आणि ४एच किंवा ६एच पेन्सिल घ्यावी. सेक्शन १:१० वर, आराखडा १:२० वर.

कडा, पाणी आणि जीव

ही किटमधली वस्तू नाही, पण किट घेऊन तुम्ही उतरता तो खड्डा आहे. कोरडी सुटी वाळू साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावरच थांबते. उभी दिसणारी कड केवळ ओलाव्यावर उभी असते. दुपारी ती सुकते आणि पडते. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरची चौकोन आणि मधले बांध ठेवण्याची पद्धत भारतात पक्की रुजली, आणि १९४५ साली त्यांनी पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू या किनारी साइटवरही काम केलं. पण पुळणीच्या वाळूत एक मीटर रुंद बांध दोन मीटर खोलीला पोहोचेपर्यंत टिकेल असं धरून चालू नये. छातीइतकी खोली आली की पायऱ्या करायच्या किंवा फळ्यांचा आधार द्यायचा. काढलेली माती कडेपासून निदान एक मीटर लांब टाकायची. वाकून सेक्शन तासणाऱ्याच्या मागे दुसरं कुणीतरी वर उभं हवंच.

भूजलाखाली जायचं असेल तर पाणी उपसायचा पंप लागतो, आणि पंप नुसता सोडला की तो पाण्याबरोबर बारीक वाळूही ओढतो. कडांच्या पायाखालची वाळू निघून जाते आणि कड खालून बसते. एका कोपऱ्यात कामाच्या पातळीहून ३०-४० सेंटिमीटर खोल खळगा करून त्यात भोकं पाडलेली बादली बसवायची, भोवती खडी आणि गोणपाट, आणि पंप बादलीच्या आत. ट्रेंचमध्ये एक खूणकाठी रोवून दर तासाला पाण्याची पातळी नोंदवावी. भूजल समुद्राच्या मागून चढतं-उतरतं, किनाऱ्यापासून जितकं लांब तितका उशीर. ओहोटीचं वेळापत्रक वाचून वेळ ठरवणारे म्हणूनच चुकतात.

चाळण्या

५ मिलिमीटरच्या एकाच चाळणीवर चाललेलं किनारी उत्खनन पाहिलं की पुढचा अहवाल आधीच कळतो: मोठ्या माशांवर आणि गुरांवर जगणारी वसाहत. तारली, मांदेली अशा माशांचे मणके ५ मिलिमीटरमधून पाण्यासारखे जातात. दक्षिण आशियाई बंदरांवर सापडणारे, काचेच्या नळ्या ओढून आणि कापून केलेले एकरंगी ‘इंडो-पॅसिफिक’ मणीही बरेचसे त्याहून लहान. म्हणजे या चाळणीने अन्न आणि व्यापार दोन्ही मातीच्या ढिगावर जातं.

घ्यावा तो तीन चाळण्यांचा संच: ५, २ आणि १ मिलिमीटर. सगळी माती १ मिलिमीटरमधून चाळणं कुणालाच परवडत नाही. व्यवहार्य पद्धत अशी की सगळी माती ५ मधून, प्रत्येक थराचा ठरलेला हिस्सा, समजा दर दहावी बादली, पाण्याखाली २ आणि १ मधून. चुली, कचऱ्याचे खड्डे, घरांच्या जमिनी यांची मात्र सगळीच. बादल्या मोजून लिहिल्या नाहीत तर मण्यांची संख्या निरर्थक होते. दहा लिटरमध्ये तीन मणी आणि हजार लिटरमध्ये तीन मणी यांचा अर्थ एकच कसा असेल?

जाळी घेताना स्टेनलेसच. लोखंडी जाळी खाऱ्या चिखलात काही आठवड्यांत सडते, आणि मधेच एक भोक मोठं झालं तर त्या दिवसापासूनचा नमुना वेगळ्या मापाचा होतो, हे कुणाला कळतही नाही. जाळी रोज उजेडासमोर धरून पाहायची. चाळताना हाताने रगडायचं नाही, माशांची हाडं तिथेच मोडतात.

जळक्या बिया आणि कोळसा यांसाठी फ्लोटेशन, म्हणजे माती पाण्यात ढवळून हलका भाग तरंगवून वेगळा करणं. बादलीचं साधं फ्लोटेशनही चालतं, अट एवढीच की तरंगणारा भाग ०.२५ ते ०.३ मिलिमीटरच्या जाळीत धरायचा आणि तळाचा १ मिलिमीटरमध्ये. हे काम नीट होतंय का हे तपासायची जुनी, सुरेख युक्ती आहे: खसखशीचे १०० दाणे भाजून काळे करायचे आणि नमुन्यात मिसळायचे. किती परत मिळाले ते मोजायचं. ९० आले तर टाकी आणि हात दोन्ही चांगले. ४० आले तर जाळीत फट आहे किंवा ओतणारा घाई करतोय. जिथे खसखस मूळ पिकांत असू शकते तिथे ही युक्ती वापरू नये. एरवी प्रत्येक तुकडीने पहिल्या दिवशी हीच परीक्षा द्यावी. तारखेसाठी नमुना निवडतानाही हाच भाग उपयोगी. शिंपल्यात समुद्रातला जुना कार्बन असतो, त्यामुळे त्याची कच्ची रेडिओकार्बन तारीख सरासरी ४०० वर्षं जुनी येऊ शकते आणि स्थानिक दुरुस्ती लागते. एक-दोन जळके तांदळाचे दाणे मूठभर शिंपल्यांहून मोलाचे. फॉइलमध्ये गुंडाळायचे, कापसात नाही.

रंग, लेबलं, पिशव्या

मन्सेलचं मातीरंगांचं पुस्तक विद्यार्थ्याने विकत घ्यायची गरज नाही. एका ट्रेंचला एक पुरे, पण ते खरं हवं, झेरॉक्स किंवा फोनचा पडदा नको. माती ओलसर करून, गॉगल काढून, उघड्या उजेडात वाचायची. निळ्या ताडपत्रीच्या सावलीत वाचलेले सगळे रंग फेकून द्यावे लागतात. पाणथळ थरांत आणखी एक घाई: हवा लागली की लोह ऑक्सिडीकरणाने बदलतं, आणि निळसर-हिरवट राखाडी गाळ डोळ्यांदेखत तपकिरी होतो. सकाळी ग्लेच्या (पाणथळ मातीच्या राखाडी-हिरवट रंगांच्या) पानावर नोंदलेला थर संध्याकाळी कुणीतरी १० वायआरच्या (पिवळसर-तपकिरी रंगांच्या) पानावर नोंदतो आणि एकाच थराचे दोन होतात. नोंदीशेजारी वेळ लिहावी.

जेल पेन आणि ‘पर्मनंट’ मार्कर दोन्ही बाद. पहिलं ओलाव्यात पसरतं, दुसरं उन्हात उडतं. टायवेकचं (न फाटणाऱ्या कृत्रिम कागदाचं) लेबल, त्यावर मऊ पेन्सिल, एक पिशवीच्या आत आणि एक बाहेर. झिपलॉक पिशवीला सुईने भोकं पाडायची, नाहीतर तिसऱ्या दिवशी खापरांवर बुरशी.

मीठ

खापर धुऊन उन्हात वाळवणं ही आतल्या साइटवरची सवय इथे घात करते. खापरात मुरलेलं मीठ सुकताना पृष्ठभागाजवळ स्फटिक बनतं आणि पोपडे निघतात, घराच्या भिंतीला लोणा लागतो तसंच. झिलई किंवा रंगवलेलं चित्र आधी जातं. नीट भाजलेली खापरं ओली असतानाच गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि पाणी रोज बदलायचं. कधी थांबायचं हे चवीने किंवा अंदाजाने ठरत नाही. खिशात मावणारा कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यातलं मीठ विद्युतवहनावरून दाखवणारा) पाण्यात धरायचा, बदलण्यापूर्वीचा आकडा रोज लिहायचा, आणि तो ताज्या पाण्याच्या आकड्याजवळ येऊन सलग तीन दिवस स्थिर राहिला की मग सावलीत वाळवायचं. कच्ची, अर्धी भाजलेली आणि भाजल्यानंतर रंगवलेली भांडी यात टाकायची नाहीत, ती विरघळतात.

लोखंड धुवायचंच नाही. क्लोराइड आत असतं, ओलावा मिळाला की ते खिळ्याला आतून फोडतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर, आर्द्रता १५ टक्क्यांखाली, तांब्याच्या वस्तूंपासून वेगळं. नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर खरवडू नये, ते कांस्यरोगाचं (क्लोराइडमुळे तांबं-कांस्य खाणाऱ्या गंजाचं) लक्षण आहे आणि ते नाणं वेगळ्या कोरड्या डब्यात जायला हवं. जेल ओलावा शोषून रंग बदलतं. ते भट्टीत वाळवून परत वापरता येतं, पण निळं-गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. नारिंगी प्रकार घ्यावा.

पाण्यात राहिलेलं लाकूड याच्या बरोबर उलट. केरळातल्या पट्टणमला पाणथळ थरात एकाच खोडातून कोरलेली होडी मिळाली, ती टिकली होती कारण हवा पोहोचली नव्हती. असं लाकूड उघडं पडलं की धातूचं हत्यार बाजूला ठेवायचं, बांबूच्या काड्या आणि फवारा घ्यायचा, आणि काम थांबलं की ओल्या स्पंजखाली झाकून वर काळं प्लास्टिक. एका दुपारच्या उन्हात पेशी आक्रसतात आणि मग कोणतंही रसायन ते फुगवत नाही. पॅरालॉइडची (वस्तू घट्ट करायला लावतात त्या राळेची) बाटली विद्यार्थ्यांच्या किटमध्ये नसावी. दमट पृष्ठभागावर ती पांढरी पडते, आणि उत्साहाने लावलेला थर काढायला संवर्धकाचे दिवस जातात.

कुणी काय आणायचं

विद्यार्थ्याने स्वतः आणावं: ४ इंची ट्रॉवेल, कानस, बांबूच्या काड्या, ६एच पेन्सिली, ५ मीटरची टेप, गुडघ्याखाली घ्यायला जाड फोम. बाकी सगळं शिबिराने द्यायला हवं. अर्ज भरण्यापूर्वी आयोजकांना तीन प्रश्न विचारावेत: १ मिलिमीटरची चाळणी रोज चालते का, कंडक्टिव्हिटी मीटर आहे का, आणि दिवसाला किती लिटर गोडं पाणी येतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘पिण्यापुरतं’ असं आलं, तर तिथे खणायला शिकाल, सापडलेलं सांभाळायला नाही.